कोरा रस्ता आणि चौदा लाख

नाना खैरनारांना या सौद्यात चार लाख चाळीस हजार सुटणार होते. यंत्राची किंमत वीस लाख. बनवून, जहाजभाडं भरून कोलंबोला पोचवायचा खर्च पंधरा लाख साठ हजार. सहा लाख उचल आधीच आलेली. उरलेले चौदा लाख माल तिथल्या बंदरात उतरला की यायचे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमधून नानांनी आजवर पुष्कळ यंत्रं विकली, पण समुद्र ओलांडणारं हे पहिलंच: खोबऱ्याचा कीस वाळवायचं.

देवळातून निघताना पायातली चप्पल आपलीच आहे ना, हे नाना दोनदा बघत. एकदा घालताना, एकदा घरी येऊन काढताना. अशा माणसाने परक्या देशात माल पाठवला तो एकाच भरवशावर. जहाजाचे मूळ कागद दाखवल्याशिवाय बंदरातून माल सुटत नाही. ते कागद तिथल्या बँकेत होते, पण ते सोडायचा हुकूम नानांच्या हाती. कागद आपल्या मुठीत तोवर समोरचा सरळ, हे त्यांचं चाळीस वर्षांचं शास्त्र.

२०२२ च्या मार्चमध्ये यंत्र उतरलं आणि पैसे आले नाहीत. आला तो गिऱ्हाइकाचा, निहालचा, मेल. मी तिथल्या रुपयात पूर्ण रक्कम बँकेत भरली आहे, पावती सोबत जोडली आहे, पण बँकेकडे डॉलर नाहीत.

"डॉलर काय रेशनचं रॉकेल आहे का, संपायला?" नाना म्हणाले.

परदेशी कागदपत्रं त्यांची सून संपदा बघायची. तिने समजावलं. त्या देशाने बाहेरून कर्ज काढून बंदरं केली, रस्ते केले. कर्ज डॉलरात, हप्ता डॉलरात, आणि रस्त्यावरचा टोल मात्र घरच्या रुपयात. कमावलेला डॉलर हप्त्याला गेला. जो थोडा उरला त्यात आधी डिझेल, मग औषधं. आपल्या यंत्राचा नंबर त्यांच्या मागे.

नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि पावती खरी कशावरून, असं विचारलं. बँकेकडून खात्री करून झाली. पावती खरी निघाली, तेव्हा नानांचा संशय आणखी वाढला. इतके पक्के कागद साधा माणूस करत नाही, म्हणे.

मग त्यांनी व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. निहालने कारखाना दाखवला: बंद पडलेली जुनी भट्टी, चौतीस बायकांनी बसायच्या फळ्या, नव्या यंत्रासाठी ओतलेला चौथरा. चौथऱ्याकडे नानांनी बघितलंसुद्धा नाही. फाटकाबाहेर दाखव म्हणाले. बाहेर रस्ता होता. चौपदरी, काळाभोर, पांढरे पट्टे कालच मारल्यासारखे.

कॉल संपल्यावर नानांनी खुर्ची मागे सरकवली. "आपल्या दारात खड्ड्यांतून टेम्पो आला की कपातला चहा बशीत येतो. आणि ज्याच्या दारात असला रस्ता, तो चौदा लाखांना रडतो?"

"नाना, त्या रस्त्यावर एक तरी गाडी दिसली का तुम्हाला?" संपदाने विचारलं.

"सुट्टी असेल."

"डिझेल नाही त्यांच्याकडे. त्या रस्त्याचंच कर्ज फेडताहेत ते."

असेल, असं नाना म्हणाले. नानांच्या तोंडी 'असेल' म्हणजे 'नसणार'.

एप्रिलमध्ये निहालने एक तोड सुचवली. कागद सोडा. दहा दिवसांत यंत्र चालू करतो. जर्मनीचा एक व्यापारी महिन्याला एक कंटेनर कीस घ्यायला तयार आहे, त्याचे डॉलर थेट माझ्या खात्यात येतील. त्यातून दरमहा दीड लाख तुम्हाला. दहा महिन्यांत फिटलो. यंत्र नाही तर डॉलर नाहीत, आणि डॉलर नाहीत तर यंत्र नाही. ही गाठ फक्त तुम्हीच सोडवू शकता.

संपदाने आकडे मांडून दाखवले. धोका आहे, पण यंत्र बंदरात पडून राहण्यात जास्त आहे, कारण बंदराचं भाडं दिवसागणिक चढतंय. नानांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं.

"यात तुझं काय?"

संपदा फाईल बंद करून जागेवर जाऊन बसली, आणि महिनाभर विचारल्याशिवाय एक आकडा सांगितला नाही.

शेजारच्या शेडचे पुंजाराम शिरसाठ नानांचे सल्लागार. सल्ला फुकट आणि नानांच्या मनातलाच, म्हणून नानांना तो पटे. पुंजारामांचं निदान असं, की यंत्र लिलावात निघेपर्यंत हा गडी रडणार आणि मग मेहुण्याच्या नावाने भंगाराच्या भावात उचलणार. नानांनी निहालला मेहुणा आहे का याची चौकशी केली. दोन होते. झालं, खात्रीच पटली.

जुलैत बंदराची दुसरी नोटीस आली: माल सोडवा, नाहीतर लिलाव. त्या रात्री नानांना झोप लागली नाही. सकाळी त्यांनी संपदाला बोलावून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, कागद सोडायचं पत्र टाईप करायला सांगितलं.

निहालचं उत्तर दोन दिवसांनी आलं. त्यात राग नव्हता, त्यामुळे वाचायला जड गेलं. डॉलर आमच्या दोनशे रुपयांचा तीनशे साठ झाला, म्हणून बँकेतल्या माझ्या चौदा लाखांचे तुमच्या हिशेबाने पावणेआठ उरले. बंदराचं भाडं पाच लाखांवर गेलंय. वीज अर्धा दिवस असते. जर्मन व्यापारी दुसऱ्या देशात गेला. बायकांतल्या सहाजणी कुवेतला धुणीभांडी करायला गेल्या. आता यंत्र घेऊन मी काय वाळवू?

"मेहुणे काय करतात त्याचे?" नानांनी विचारलं, पण आवाजात दम नव्हता.

"एक रिक्षा चालवायचा," संपदा म्हणाली. "आता पेट्रोलच्या रांगेत असतो."

सप्टेंबरात यंत्र कोलंबोच्या एका भंगारवाल्याने घेतलं. किलोवर.

संपदाने शेवटचा हिशेब मांडला. बंदराचं भाडं लिलावातून वसूल, त्यांचं काही गेलं नाही. देशाने हप्ते थांबवल्यावर रस्त्याला कर्ज देणाऱ्या सावकारांची बोलणी चालू, त्यांचं काय ते पुढे ठरेल. नानांचे नऊ लाख साठ हजार गेले. निहालची सहा लाख उचल गेली आणि बँकेत पडल्या पडल्या सव्वासहा. चौतीस बायकांची सहा महिन्यांची मजुरी. त्यांनी कर्ज काढलं नव्हतं आणि कुणाच्या कागदावर सही केली नव्हती.