कागदबंदी

"कागद बंद! आजपासून एक चिटोरंसुद्धा गाडीत चढणार नाही," असं म्हणून कप्तानानं जेवणाच्या टेबलावर चार यंत्रं ओळीनं मांडली.

शनिवारची संध्याकाळ होती. शाळेच्या बसचा ड्रायव्हर नुकताच दारातून आत आला होता आणि त्याच्या काखेत नेहमीची प्लॅस्टिकची फाईल होती. ती टेबलावर ठेवावी की पाठीमागं लपवावी, हे त्याला कळेना.

"मग ह्याचं काय करू?"

"रद्दीत घाल."

"अहो, जरा नीट बोला," कप्तानाची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "दर शनिवारी शाळा सुटल्यावर ऑफिसात थांबून छापून आणतो तो."

"तेच तर म्हणतोय मी! त्याचा त्रास वाचवतोय. जग कुठल्या कुठं गेलं आणि आपण कागदांची भेंडोळी घेऊन रानोमाळ हिंडतोय. सिस्टर, बरोबर की नाही?"

हॉस्पिटलातल्या सिस्टर खुर्चीत बसून एक यंत्र उलटसुलट करून बघत होत्या. त्यांनी मान वर केली, कप्तानाकडे क्षणभर पाहिलं आणि "बरोबर," एवढंच म्हणाल्या.

आता हा कप्तान म्हणजे काही जहाजावरचा कप्तान नव्हे. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. आवाज मात्र कप्तानाचाच. मधेच अडकलेल्या लिफ्टच्या दाराशी उभं राहून त्यानं नुसती हाक मारली की आतल्या माणसांचं रडं थांबायचं. निदान तो तरी असं छातीठोकपणे सांगायचा. ह्या चौघांना रविवारचं एक वेड होतं. काही रिकामटेकडे लोक रानात, पुलाखाली, पडक्या भिंतीत छोटे डबे लपवून ठेवतात आणि ती जागा अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांत इंटरनेटवर टाकतात. दुसऱ्या रिकामटेकड्यांनी तो डबा हुडकायचा आणि आतल्या चिठ्ठीवर आपलं नाव लिहायचं. ना बक्षीस, ना टाळ्या. जिओकॅशिंग असं त्याचं भारदस्त नाव. कप्तानाची बायको त्याला डबे हुडकणं म्हणायची, आणि चौघांत तीच सगळ्यात वेडी होती.

आजवर चौघांत मिळून वाट दाखवणारं एकच जुनं जीपीएस यंत्र होतं आणि बाकी सगळा कारभार कागदावर. डब्याचं वर्णन, लपवणाऱ्यानं दिलेली खूण, आधी जाऊन आलेल्यांचे शेरे, सगळं ड्रायव्हर छापून आणायचा, एकेका पानाला प्लॅस्टिकचं पाकीट घालायचा. रानात फोनला रेंज नसते, त्यामुळे कागदाला पर्याय नव्हता. ह्या नव्या यंत्रांत मात्र सगळंच मावत होतं. कप्तानानं ती ओळखीच्या एका दुकानातून जुनी पण ठणठणीत अशी आणली होती आणि आठवडाभर खपून भरली होती.

जग पुढं गेलंय वगैरे सगळं ठीक. पण खरं कारण निराळं होतं आणि ते घरातल्या दोघांनाच ठाऊक होतं. कप्तानाचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं होतं. हात खिशात घालता येतो, पाठीमागं धरता येतो, मांडीखाली दाबता येतो. पण हातात कागद आला की कागद बोलायला लागतो, फडफड करून गावभर सांगत सुटतो. यंत्राचं तसं नाही. ते गळ्यात अडकवायचं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरायचं. बघणाऱ्याला वाटावं, काय एकाग्र माणूस आहे! चिठ्ठीवर नाव लिहायचं काम त्यानं कधीचंच बायकोकडे दिलं होतं. "माझा चष्मा विसरला," म्हणायचा. दर रविवारी चष्मा विसरणारा कप्तान!

"सांगून टाका ना त्यांना," ती दोघं गेल्यावर बायको म्हणाली. "परकी आहेत का ती?"

"सांगितलं की संपलं."

"काय संपलं?"

"कामावर काय झालं, बघितलंस ना? आधी एकानं माझ्या हातातला पाना घेतला. राहू द्या साहेब, मी करतो म्हणाला. मग दुसऱ्यानं पिशवी उचलली. मग मला टेलिफोनपाशी खुर्ची दिली, आणि आता बसून असतो तक्रारी ऐकत. इथंही तेच होणार. मी पुढं चालतोय तोवर आपण डबे हुडकायला जातोय. त्यांना कळलं की मग ते मला फिरायला नेतील."

बायको भांडी आवरायला उठली. जाता जाता तिनं विचारलं, "माझे आकडे घातलेत ना त्यात?"

"सगळं आहे त्यात. सगळं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरच्या गाडीतून चौघं निघाली. कप्तान हल्ली पुढं ड्रायव्हरशेजारी बसत नसे, मागच्या बाकावर खिडकीशी बसे. ड्रायव्हर एरवी गाडी चालवताना तोंडाची टकळी चालू ठेवायचा. शाळेतल्या पोरांचे किस्से, हेडमास्तरांची नक्कल, काय नि काय. आज तो हूं नाही की चूं नाही.

"काय हो, कोणाच्या मयताला चाललोय का आपण?" सिस्टरांनी अखेर विचारलं.

"नाही बुवा. रस्त्याकडे लक्ष आहे," ड्रायव्हर म्हणाला. रस्ता तर पार मोकळा होता.

जायचं होतं ते एका जुन्या दगडखाणीत. खाण केव्हाच बंद पडलेली, माणूस नाही काणूस नाही. गाडी झाडाखाली उभी केली आणि कप्तान सगळ्यांच्या पुढं झाला. यंत्र छातीशी, मान ताठ.

"माझ्या मागून या. बाण अगदी नाकासमोर दाखवतोय!"

काट्याकुट्यांतून, दगडांच्या ढिगांवरून त्यानं सगळ्यांना असं काही भराभर नेलं की बायको मागून ओरडली, "अहो, डबा पळून नाही चाललाय!" कप्तान खूश होता. पाय त्याचे अजून दणकट होते आणि मागं तिघं धापा टाकत येतायत, ह्या आवाजासारखं सुख नाही. शेवटचं झुडूप बाजूला सारून तो पुढं झाला आणि थबकला. समोर पाणी होतं. सगळी खाण पावसाच्या हिरव्या पाण्यानं भरलेली, आणि बाण त्या पाण्याच्या बरोब्बर मध्यावर रोखलेला.

"किती राहिलं?" बायकोनं विचारलं.

"साठ मीटर."

चौघांनी साठ मीटरवर पाहिलं. तिथं एक बदक पोहत होतं.

"त्यानं गिळला असेल डबा," सिस्टर म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. बायको पुढं आली, तिनं यंत्राच्या पडद्यावर पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "हे माझे आकडे नाहीत."

हा डबा कोड्याचा होता. अशा डब्यांची इंटरनेटवर दिलेली जागा मुद्दाम खोटी असते. कोडं सोडवावं तेव्हा खरे आकडे हाती लागतात. हे कोडं भल्याभल्यांना सुटलेलं नव्हतं. बायकोनं ते कितीतरी संध्याकाळी डोकं फोडून एकटीनं सोडवलं होतं आणि खरे आकडे ड्रायव्हरनं मागं कधीतरी छापून आणलेल्या पानाच्या कोपऱ्यात पेनानं लिहून ते पान त्याच्या फाईलीत ठेवायला दिलं होतं. कप्तानानं यंत्रात घातलं ते सगळं इंटरनेटवरून एका दमात उतरवलेलं, खोट्या जागेसकट. आणि ते पान? ते काल फाईलबरोबर त्यानंच रद्दीत धाडलं होतं.

"तोंडपाठ असतील ना तुला?" त्यानं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला आपली लाज वाटली.

"मी काय यंत्र आहे?" बायको म्हणाली. "मी विचारलं होतं तुम्हाला. सगळं आहे म्हणालात. एक गोष्ट माझी होती ह्या सगळ्यात, ती तेवढी नेमकी..." तिनं तोंड फिरवलं.

तेवढ्यात ड्रायव्हरनं घसा खाकरला. त्यानं शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि आतून एक घडी घातलेला कागद बाहेर काढला.

"रद्दीत टाकायला जीव झाला नाही, वहिनी. तुमचं अक्षर होतं त्यावर." मग कप्तानाकडे न बघता त्यानं कागद पुढं केला. "यंत्रात आकडे कसे घालायचे ते तुम्हालाच येतं. घ्या."

कप्तानाचा हात काही पुढं येईना. तेवढ्यात सिस्टरांनी झटकन हात लांबवला. "द्या इकडे, मी वाचून दाखवते. तुम्ही दाबा बटणं."

किती झटकन! कप्तानाला त्या 'झटकन'मधूनच सगळं कळलं. रोज शंभर थरथरते हात बघणारी बाई ती, तिला काय सांगायचं राहिलं होतं? पण वाट छान मोकळी झाली होती. हो म्हणायचं, यंत्र छातीशी धरायचं, अब्रू शाबूत.

ड्रायव्हरनं कागद सिस्टरांकडे वळवला. "हो, तुम्हीच वाचा. कप्तानांना माझा कागद चालत नाही आता. मीही चालत नाही बहुतेक. गाडीत शेजारी बसणंसुद्धा सोडलंय त्यांनी. काय चुकलं तेवढं तरी सांगायचं होतं."

कप्तानाला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. हा एवढा बाप्या माणूस, आणि त्याचे डोळे भरले होते. आपला हात लपवता लपवता आपण कोणाला दूर लोटत होतो, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"इकडे आण तो कागद," तो म्हणाला.

"राहू द्या, सिस्टर वाचतील," ड्रायव्हर म्हणाला.

"आण म्हणतो ना!"

त्यानं उजव्याच हातात कागद घेतला. खाणीत वारा नव्हता. कागद फडफडायला लागला, आणि त्या सामसुमीत तो आवाज केवढा तरी मोठा वाटला. बायकोचा हात नकळत पुढं आला आणि तिथंच थांबला.

"हे कारण आहे," कप्तान म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. "हात हलतो माझा. औषध चालू आहे, पण बरं होणारं दुखणं नाही ते. पुढं बसलो असतो तर तुला दिसलं असतं. कागद हातात घेतला असता तर सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून कागदबंदी. तुझं काहीएक चुकलेलं नाही, गड्या. मी गाढवपणा केला."

ड्रायव्हरनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. "एवढंच होतं? अहो, मी गाडी विकायच्या विचारात होतो!"

"तुम्हाला माहीत होतं, सिस्टर," कप्तान म्हणाला.

"कधीचं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं दुखणं, तुम्ही सांगायचं. मी का म्हणून चुगली करू?"

"कीव करणार असाल तर आत्ताच सांगा. मी गाडीत जाऊन बसतो."

"कीव?" सिस्टर उसळल्या. "आम्हाला काट्यांतून ओढत पाण्यापाशी आणलंत आणि वर कीव? आकडे घाला आधी!"

कप्तानानं आकडे घातले. वेळ लागला. अंगठा शेजारच्या बटणावर जायचा, तो पुसायचा, पुन्हा घालायचा. कागद एवढा हलत होता की तीन आहे की आठ, हे बघायला ड्रायव्हरला खांद्यावरून वाकावं लागलं. "आठ, कप्तान. वहिनींचा आठ असाच असतो, अर्धपोटी." बायको ओल्या डोळ्यांनी हसली. शेवटचा आकडा बसला आणि बाण गर्रकन फिरून मागच्या टेकाडाकडे वळला.

"माझ्या मागून या!" कप्तान ओरडला, आणि ती निघाली.

टेकाडावर खाणीच्या जुन्या इंजिनघराच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या. बाणानं तिथवर आणून सोडलं. पुढचं काम माणसाचं. चौघं भिंतीचे दगड चाचपत हिंडू लागली आणि थोड्या वेळानं बायकोची किंकाळी ऐकू आली. खांद्याइतक्या उंचीवर एक दगड सैल होता, त्याच्या मागं पत्र्याचा गंजका डबा होता, आणि डब्यातल्या चिठ्ठीवर कोणाचंही नाव नव्हतं. त्यांच्या आधी इथवर कोणी पोचलंच नव्हतं! बायको लहान पोरीसारखी नाचली. पहिलं नाव तिनं लिहिलं. मग सवयीनं ती नवऱ्याचं लिहायला लागली.

"थांब," कप्तान म्हणाला. "माझं मी लिहितो."

त्यानं चिठ्ठी दगडावर ठेवली, डाव्या हातानं दाबून धरली आणि लिहिलं. अक्षरं चढली, घसरली, एक तर चिठ्ठीबाहेर दगडावरच गेलं. चौघांची जागा त्या एका नावानं खाल्ली. ड्रायव्हरनं चिठ्ठी घेतली, थोडी निरखून पाहिली, उलटी केली आणि पाठीवर आपलं नाव लिहिलं. त्याच्याखाली सिस्टरांनी.

डबा होता तिथं परत ठेवायचा असतो. कपारीचं तोंड अरुंद होतं. कप्तानानं डबा उचलला तसा ड्रायव्हर मदतीला पुढं सरकला. सिस्टरांनी त्याचं कोपर धरून त्याला मागं ओढलं. डबा एकदा ह्या दगडावर आपटला, एकदा त्या. पत्र्याचा आवाज खाणीत घुमला आणि पाण्यावरचं बदक उडालं. कप्तानानं एक शिवी हासडली, पाय रुंद करून उभा राहिला आणि पुन्हा हात वर नेला. बायकोनं थर्मास उघडला होता, तो तिनं तसाच धरून ठेवला. डबा आत बसेपर्यंत तिघं उन्हात उभी राहिली.