हुशार हात

"सुट्टीत कुणाला शिकवायला जाऊ नका. जे मुळीच येत नाही असं काहीतरी शिका, आणि शिकताना कसं वाटतं ते विसरू नका."

स्फाक्स शहरातल्या अध्यापक विद्यालयाच्या लतीफाबाईंचे हे शब्द आठवत हाजर वल्ही ओढत होती. होडी मात्र सरळ जायला तयार नव्हती. सारखी एकाच बाजूला वळत होती.

समोरच्या फळीवर तिचे वडील बसले होते; सगळे त्यांना आदराने सी मुख्तार म्हणत. बेटावरच्या शाळेत शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्तीनंतरही बाजारात मोठमोठी माणसं वाकून त्यांच्या कपाळाचं चुंबन घेत. घरात त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. होडीच्या टोकाला जलूल जाळं सांधत होता. होडी त्याची, आणि तोही त्यांचाच जुना विद्यार्थी.

"हाजर, अशाने आपण जेवायच्या वेळेपर्यंत निघालो तिथेच पोचू," जलूल म्हणाला.

"माझा सोमवारचा रोजा आहे, काका. मला घाई नाही."

"तुला नसेल. मासे वाट बघून कंटाळले असतील."

सी मुख्तार हसले. "उजव्याने ओढ, पोरी. डावा जास्त जोर करतोय."

तिने उजव्याने ओढलं. पुढच्या खेपेला पुन्हा डावा हात पुढे सरला, तसं वडिलांच्या हातातल्या दोरीचं ओलं टोक त्या हातावर सपकन बसलं.

"हा नाही. तो."

हाजरने वर पाहिलं. वडील रागावलेले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर वेगळं काहीच नव्हतं. तिने जलूलकडे पाहिलं. केस पिकायला लागलेला तो माणूस मान खाली घालून बसला होता आणि त्याने स्वतःचा डावा हात काखेत दडवला होता.

होडी सरळ जाऊ लागली.

किनाऱ्याला लागल्यावर सी मुख्तार नमाजाआधी वजू करायला मशिदीकडे गेले. हाजर दोरी बांधायला थांबली.

"काका, तुम्ही हात का लपवलात?"

"मी? छे." मग जलूलने काखेतून हात काढला. जाळ्याची सुई अजून बोटांत होती. सदऱ्यावर रक्ताचा लहानसा डाग पडला होता. "सीदींनी, तुझ्या बाबांनी, माणूस केलं मला. अक्षर बघ माझं, मोत्यासारखं आहे."

"हो काका."

"माझ्या पोरीला, तस्नीमला, उद्यापासून त्यांच्या शिकवणीला पाठवतोय. शाळेत जायच्या आधी हात वळेल म्हणाले." तो जाळं उगाच उलगडत राहिला. "ती सगळं डाव्यानेच करते. मी ओरडलो, तर म्हणते, बाबा, माझा हाच हात हुशार आहे." तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. "सीदींना मी काय सांगणार? माझी जीभच उचलत नाही. तू असशील ना तिच्याजवळ?"

"असेन."

"शब्द?"

"शब्द, काका."

दुपारी घरी सी मुख्तार कपाटातली जुनी पेटी उघडून बसले होते. पाट्या पुसून झाल्या होत्या. तळातून त्यांनी मऊ, पांढऱ्या कापडाची एक पट्टी काढली आणि मांडीवर ठेवून हाताने सारखी केली.

"हे कशाला, बाबा?"

"जलूलच्या पोरीसाठी. डावा हात मागे अलगद बांधायचा. दुखत नाही. जेवायचा, लिहायचा हात एक झाला की पोरीला पुढे कुणी बोल लावत नाही."

"मुलं रडत असतील."

"पहिले काही दिवस. मग विसरतात." त्यांनी पट्टीची नीट गुंडाळी केली. "तूही विसरलीस की."

हाजरच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिने जमिनीवर ठेवला. मग तो कोणत्या हाताने ठेवला, ते बघितलं.

"मी?"

"चार वर्षांची असशील. आईच्या कुशीत तोंड खुपसून रडायचीस. बघ, आज मास्तरीण होतेयस." त्यांनी मायेने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात, लहानपणापासून ओळखीचा. ती हलली नाही. डाव्या हातावरचा दोरीचा वळ आता कुठे चुरचुरायला लागला होता.

संध्याकाळी खजुराने रोजा सोडला, तेव्हा आई म्हणाली, "अशी गप्प का?" हाजरने आईकडे नुसतं पाहिलं. आईने नजर ताटाकडे वळवली.

पहाटेची नमाज झाल्यावर हाजर अंगणात बसली. खडू डाव्या हातात धरून तिने पाटीवर अरबीतलं पहिलं अक्षर, 'अलिफ', काढलं. साधी उभी रेघ, पण ती थरथरत वाकडी गेली. पुसून पुन्हा काढली. पुन्हा वाकडी.

सी मुख्तार दारात आले. "इतक्या लवकर कुठे?"

"जलूलकाकांकडे. तस्नीमला घेऊन येते."

"शिकवणीला अजून अवकाश आहे."

"हो. तोवर तिच्याजवळ बसून थोडं शिकते. मला मुळीच येत नाही."

त्यांची नजर तिच्या उजव्या हातावर गेली. पेटीतली ती पांढरी पट्टी मनगटाला गुंडाळलेली होती.

हाजरने पाटी काखेत धरली, डाव्या हाताने कडी काढली आणि समुद्राच्या बाजूने चालू लागली.