युद्धाला कारण ठरलेली होडी

मी एक होडी आहे. लांबीला सोळा हात, रुंदीला पाच. माझ्यावरून एका देशाने युद्ध पुकारलं असं लोक सांगतात, म्हणून म्हटलं, एकदा आपणच बोलावं.

एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. वाफेवर फळ्या वाकवताना तो मला दटावायचा, "हट्ट करू नकोस गं, वाकलीस तरच तरशील." मग एका मालवाहू जहाजाच्या बाजूला दोन लोखंडी हातांना मला टांगलं. जहाज बुडालंच तर माणसं वाचवायची, एवढंच माझं काम. जहाज बुडत नव्हतं, त्यामुळे मी नुसती लोंबकळत होते.

जहाजावरचा आचारी तेवढा माझ्या सावलीला येऊन बसे आणि बटाटे सोलत गप्पा मारी. बायकोला चोरून आणलेली तंबाखूची डबी त्याने माझ्या फळीखाली लपवली होती. बायको हजार मैलांवर होती, तरी लपवायचाच!

त्या सुमारास दूरवरचे दोन मोठे देश हातघाईवर आले. आमच्या देशाचं कुणाशीच वाकडं नव्हतं. आपण बरे नि आपलं काम बरं, असं म्हणत आम्ही धान्य वाहत होतो. खबरदारी म्हणून जहाजाच्या दोन्ही अंगांना आमचा झेंडा रंगवला आणि पुरुषभर उंचीच्या अक्षरांत देशाचं नाव काढलं. कप्तान खूश झाला. "आता आंधळ्यालाही कळेल आपण कोण ते!"

पण नुसतं कळून काय होतं? एका देशाने फर्मान काढलं, प्रत्येक जहाजाने आधी आमच्या बंदरात येऊन झडती द्यायची. दुसऱ्याने काढलं, त्या बंदराकडे वळलेलं जहाज आम्ही शत्रूचंच समजू. इकडे आड, तिकडे विहीर. "मग आम्ही जायचं तरी कुठं, आभाळात?" असं कप्तान मालकांना विचारून आला. मालक म्हणाले, "आपण तटस्थ आहोत. आपल्याला कोण काय करतंय!"

तिसऱ्या फेरीला झडतीच्या बंदराकडे निघालो, तेव्हा सकाळी सकाळी समोर पाणबुडी वर आली. तिच्यावरचा अधिकारी भोंग्यातून ओरडला, "पंधरा मिनिटांत जहाज सोडा!"

कप्तानाने हात उंचावून दाखवलं. "आमचा झेंडा दिसत नाही का?"

"झेंडा दिसतोय. माल कुणाकडे चाललाय तेही दिसतंय."

मला खाली सोडलं. एकेक करून बारा जण उतरले. इंजिनवाला, आचाऱ्याचा जुना मित्र, उतरता उतरता थबकला. त्याचा जोडीदार खाली झोपलेला होता. "आलोच त्याला घेऊन," असं आचाऱ्याला सांगून तो परत गेला. पंधरा मिनिटं संपली. ते दोघं आलेच नाहीत.

पाणबुडीच्या माऱ्याने जहाज पाण्याखाली गेल्यावर ती जवळ आली. आता आम्हालाही संपवणार, असं मला वाटलं. पण त्या अधिकाऱ्याने पावाची पिशवी माझ्यात टाकली आणि हात करून किनारा कुठे आहे ते दाखवलं. त्याची नजर मात्र कुणाकडेच वर उठली नाही.

तीन दिवस आम्ही वल्हवत होतो. तंबाखूच्या डबीचं झाकण भरून प्रत्येकाला पाणी मिळे. संध्याकाळ झाली की आचारी गंभीरपणे विचारी, "उद्या जेवायला काय करू?" आणि सुकल्या ओठांनी सगळे ओरडत, "बटाटे सोडून काहीही!" चौथ्या दिवशी कोळ्यांनी मला वाळूवर ओढलं. बाराच्या बारा जिवंत होते. जन्माचं सार्थक झालं, असं मला त्या क्षणी वाटलं.

पण आठवड्यातच मला फुलांनी सजवून गाड्यावर घातलं आणि शहराच्या चौकात उभं केलं. मंत्री गरजले, "हीच ती होडी! हा अपमान गिळायचा का?" चौक दणाणला. मग त्यांनी आचाऱ्याला पुढे ढकललं. "बोला, काय भोगलंत ते सांगा!"

आचारी टोपी कुस्करत म्हणाला, "माझा जिवाभावाचा मित्र गेला. गुन्हा त्यांचाच, मी माफ करणार नाही. पण पाव त्यांनीच दिला, वाटही त्यांनीच दाखवली. आता त्याच्या बदल्यात आणखी कुणाचे मित्र—"

तेवढ्यात बँड वाजू लागला. पुढचं "मारू नका" मलाच ऐकू आलं, कारण तो माझ्या काठाला धरून बोलत होता. गर्दीतून इंजिनवाल्याची बायको वाट काढत आली. "भाऊजी, बोललात ते बरं केलंत," एवढंच म्हणून ती त्याच्या शेजारी उभी राहिली.

आठ दिवसांत आमचा देश युद्धात उतरला. माझ्यामुळे? कोण जाणे. ज्याला भांडायचंच असतं, त्याला काठी नाहीतर काडी, काहीतरी सापडतंच. पण ती काडी आपण असावं, हे मला फार लागलं.

युद्ध तीन वर्षं चाललं. आम्ही जिंकलो म्हणे. मी नगरपालिकेच्या मागच्या अंगणात पावसात कुजत पडले होते. एके दिवशी आचारी मला मागायला आला. कारकून म्हणाला, "ही राष्ट्राची ठेव आहे."

"मग राष्ट्राने छपराखाली नसती का ठेवली? तळ बघा तिचा, चाळण झालीय!"

कारकुनाने वाकून पाहिलं आणि फाटक उघडलं.

आचारी, त्याची बायको आणि इंजिनवाल्याची बायको, तिघांनी मिळून माझ्या फटी काथ्याने बुजवल्या, वरून डांबर फासलं. आता आम्ही नदीवर असतो. इंजिनवाल्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सुकाणू धरतात, आचारी वल्हवतो. रोज सुईण जाते, पोस्टमन जातो, कधी एखादी बकरीही जाते आणि माझा काठ चाटते. मला गुदगुल्या होतात. मी सुखात आहे.

परवा एका प्रवाशाने विचारलं, "हिच्यामुळेच ना ते युद्ध झालं?"

वहिनी सुकाणू न सोडता म्हणाल्या, "होडीने माणसं पार होतात हो. युद्ध माणसंच करतात. जरा सरकून बसा, तोल जातोय."

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. उद्या कुणी मला पुन्हा कारण म्हणून मागायला आलं, तर त्यांना सांगा, तिला वेळ नाही, ती कामावर असते.

तो पाहा, पलीकडच्या काठावरून कोणीतरी हाक मारतंय. येते मी.