वहिनींचा हात

एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहा आणि वहिनींचे दोन्ही हात कणकेत, अशा वेळी दादा कागद घेऊन स्वयंपाकघरात आले.

"इथं सही कर. आणि आवर पटकन, अकराला सभा आहे."

"कसला कागद आहे हो?"

"वॉर्डाचा. तुला वाचून काय करायचंय? दूध बघ, उतू जाईल."

वहिनींनी बोटं पुसून सही केली. कागदाच्या कोपऱ्याला कणीक लागली, तेवढी दादांनी नखानं खरवडून काढली.

वहिनी नगरसेविका होत्या. प्रभाग महिलांसाठी राखीव झाल्याचं कळलं तेव्हा दादांची जेवणावरची वासनाच उडाली होती. इतकी वर्षं मशागत करायची आणि पीक दुसऱ्यानं कापायचं! मग कुणीतरी म्हणालं, वहिनींना उभं करा. झालं, वहिनी उभ्या राहिल्या, म्हणजे फोटोत उभ्या राहिल्या. बाकीची सगळी धावपळ दादांची. निकाल लागला तेव्हा अभिनंदनाचे फोनही दादांनाच आले. लग्नाआधी वहिनी एका शाळेत गणित शिकवायच्या, ही गोष्ट घरात आता कुणाला आठवतही नव्हती. बाहेर तर त्यांचं नावही कुणी घेत नसे. महापौरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या त्या 'वहिनी'. दादांची बायको, म्हणून वहिनी.

सभागृहाच्या वर प्रेक्षकांसाठी एक गॅलरी होती. सभेच्या दिवशी तिथं नगरसेविकांचे नवरे, दीर, क्वचित एखादा सासराही येऊन बसायचा. पालिकेचे कर्मचारी त्या गॅलरीला 'वरचं सभागृह' म्हणत आणि तोंडावर फाइल धरून हसत. दादांची जागा कठड्याला लागून. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं की वहिनींनी हात वर करायचा. रुमाल खिशात असेल तर हात मांडीवर. इतकं सोपं काम, की चुकायचं म्हटलं तरी चुकता येऊ नये.

त्या दिवशी सचिवांनी विषय वाचायला सुरुवात केली. गाडी सुटायच्या आत सामान चढवावं तशी त्यांची घाई. बाजाररस्त्याचा पदपथ काढून रस्ता रुंद करणे. सफाई कामगारांच्या अपघात विम्यातून कंत्राटी कामगारांना वगळणे. त्यांचा विमा ठेकेदारानं उतरवावा. वहिनींनी कान टवकारले. बाजाररस्ता म्हणजे त्यांच्याच घराजवळचा, आणि तो झाडणारी अक्का कंत्राटीच होती. त्यांनी वर पाहिलं. दादा कपाळ पुसत होते.

वहिनींचा हात वर गेला. आजूबाजूचेही गेले. "मंजूर," महापौर म्हणाले, आणि चहा आला.

महिन्याभरात पदपथ उखडला गेला. दुकानदार खूश झाले, दारापर्यंत गाड्या लागू लागल्या. अक्का रोज झाडून झालं की वहिनींच्या मागच्या दाराशी पाणी प्यायला टेकायची. एक दिवस ती म्हणाली, "वहिनी, रस्ता केला मोठा, पण मी उभं कुठं राहू? मागून गाडी आली की झाडू टाकून भिंतीला पालीसारखी चिकटते बघा."

"मी बोलते यांच्याशी," वहिनी म्हणाल्या.

त्या बोलल्याही. दादा मोबाइलवरून मान वर न करता म्हणाले, "होईल सवय."

सवय व्हायला वेळच मिळाला नाही. एका सकाळी माल उतरवायला आलेला ट्रक मागे आला. अक्का भिंतीला चिकटली होती, पण भिंत काही मागे सरकली नाही. डॉक्टरांनी तिचा पाय गुडघ्याखाली कापला.

अक्काची लेक शिलाईच्या दुकानात कामाला होती. मशीन बंद ठेवून ती पालिकेच्या पायऱ्या झिजवू लागली. पालिका म्हणाली, "तुमची आई कंत्राटी, ठेकेदाराकडे जा." ठेकेदार म्हणाला, "विमा तर पालिका काढायची, मला कुणी कळवलंय?" टोलवाटोलवीला कंटाळून शेवटी ती दादांच्या बैठकीच्या खोलीत आली. दादांनी तिला चहा पाजला, "वाईट झालं" म्हणाले आणि "बघू काय करता येतं" म्हणून वाटेला लावलं. आतून वहिनींनी सगळं ऐकलं. मुलगी बाहेर पडताना उंबऱ्याशी थांबली आणि वहिनींना म्हणाली, "आई तुमची आठवण काढते. एकदा येऊन जा."

वहिनी इस्पितळात गेल्या. अक्का खाटेवर पडून होती. चादर एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला अर्ध्यातच सपाट झालेली. वहिनींना पाहून ती उठू लागली.

"पडून राहा, अक्का."

"लेक उगाच घाबरते हो. मी तिला म्हटलं, आपल्या वहिनी आहेत ना तिथं सभेत. बाईमाणूस आहे, बाईचं दुःख जाणते. त्या असताना आपलं वाईट कसं होऊ देतील?"

 वहिनींनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, पेला अक्काच्या हातात दिला आणि उठल्या.

घरी आल्यावर त्या सरळ बैठकीच्या खोलीत गेल्या. तिथं दादा आणि रस्त्यांचा ठेकेदार नकाशा पसरून बसले होते. आता शाळेच्या रस्त्याचा पदपथ निघणार होता.

"तो विम्याचा ठराव फिरवायला हवा," वहिनी म्हणाल्या. "आणि हा रस्ता मला मान्य नाही."

ठेकेदार नकाशा गुंडाळू लागला. दादा हसले. "बस, बस, वहिनींना राजकारण चढलंय. अगं, आत जा, डोकं शांत होईल."

"खुर्ची माझी आहे ना?"

"खुर्ची तुझी, पण ती आणली कुणी?" दादांचा आवाज चढला. "लोकांनी मला मतं दिली. तुला ओळखतं कोण?"

दारात आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "नवऱ्याच्या वरचढ बोलून कुणाचं भलं झालंय? संसार करायचाय की नाही तुला?"

वहिनी आत गेल्या. त्यांना सर्वांत जास्त राग आला तो स्वतःचाच, कारण दादा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच कुणी ओळखत नव्हतं. ओळखू यावं असं त्यांनी केलं तरी काय होतं? हात वर केला होता, एवढंच.

पुढच्या सभेत शाळेच्या रस्त्याचा विषय आला. वर कठड्याशी दादांनी रुमाल काढला. वहिनी उभ्या राहिल्या.

"मला बोलायचंय."

महापौरांनी चष्मा वर केला. "बोला की. पण वहिनी, दादांना विचारलंय ना?" सभागृहात हशा पिकला.

"विचारायची गरज नाही. ते वर बसलेत आणि त्यांनी रुमाल काढलाय. रुमाल कपाळाला लागला की मी हात वर करायचा, असं आमचं ठरलंय. आजवर मी तसाच केला. बाजाररस्त्याला केला, विम्याला केला. त्या हातानं एका बाईचा पाय गेला. आज मी हात वर करणार नाही. शाळेच्या पोरांना चालायला जागा राहू द्या. आणि कंत्राटी बायकांचा विमा पुन्हा चालू करा."

हसणं थांबलं. खालच्या कितीतरी बायकांनी नकळत गॅलरीकडे पाहिलं, आपापल्या माणसाकडे. दादांच्या हातात रुमाल तसाच राहिला. तो खिशात घालावा की नाही, हे त्यांना सुचेना.

"हे घरगुती भांडण झालं," कुणीतरी ओरडलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "हे पालिकेचंच काम आहे. आमच्या घरातून चालतं, एवढंच."

महापौरांनी टेबल वाजवलं आणि मतदान घेतलं. हात भराभर वर गेले. विरोधात वहिनी एकट्या. नाही म्हणायला मागच्या रांगेतल्या एका तरुण नगरसेविकेचा हात खांद्यापर्यंत आला आणि खाली गेला. तो तिनं कोणत्याच बाजूनं पुन्हा वर केला नाही. ठराव मंजूर झाला. विम्याचं म्हणणं "योग्य वेळी विचारात घेऊ" म्हणून बाजूला सारलं गेलं. योग्य वेळ कधी, हे कुणी सांगितलं नाही.

बाहेर दादांची गाडी निघून गेली होती. इतकं बोलून वहिनींच्या हाती काहीच लागलं नव्हतं. घरी काय वाढून ठेवलंय, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्या घराकडे वळल्या नाहीत. त्या चालत इस्पितळात गेल्या.

अक्का जागी होती. लेक तिचे केस विंचरत होती. वहिनींनी स्टूल ओढलं, पण त्यावर बसल्या नाहीत.

"अक्का, तुमचा विमा काढून घेतला तेव्हा मी सभेत होते. मी हात वर केला होता. रस्त्यालाही केला होता."

लेकीच्या हातातली फणी थांबली. अक्कानं वहिनींकडे पाहिलं. मग तोंड भिंतीकडे फिरवलं.

वहिनी वाट पाहत राहिल्या. त्यांना वाटलं होतं, अक्का रडेल, शिव्या देईल किंवा, खरं सांगायचं तर, माफ करेल. यातलं काहीच झालं नाही. शेजारच्या खाटेवरची म्हातारी खोकत होती, परिचारिका गोळ्या वाटत पुढे गेली.

"आज काय केलंत मग?" अक्कानं भिंतीकडे पाहतच विचारलं.

"नाही म्हटलं. हरले."

"आणि आता?"

"पुढच्या सभेत पुन्हा उठणार. त्याच्या पुढच्याही."

"तुम्हाला बसवतील खाली."

"बसवू देत. बायकांना घेऊन पालिकेच्या दारात उभी राहीन. पण तुमच्याबरोबर झाडणाऱ्या बायका मला ओळखत नाहीत. मी एकटी गेले तर माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?"

 वहिनी जायला निघाल्या. तेव्हा तोंड न वळवताच ती लेकीला म्हणाली, "उद्या बायका हजेरीला जमतील ना, तिथं यांना घेऊन जा. आणि त्यांनी आत्ता इथं जे सांगितलं, ते सगळं तिथं सांगायला लाव. सगळ्यांसमोर."