पातेल्याखालची दोन बोटं

ती व्यवसायोपचार शिकते म्हटल्यावर सासूबाईंनी शेजारीपाजारी सांगून टाकलं होतं, "सून लोकांना नोकऱ्या लावून द्यायचं शिकतेय." तिनंही मग समजावणं सोडून दिलं. आजारपणात माणसाच्या हातून जे रोजचं निसटतं, बटण लावणं, केस विंचरणं, चहा करणं, ते त्याला पुन्हा जमावं म्हणून हा सगळा खटाटोप, हे कुणाच्या गळी उतरत नसे. "एवढं शिकायला इतकी वर्षं?" नवऱ्यानं विचारलं होतं, तेही तिच्याच हातचा चहा पीत.

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला सरावाचं स्वयंपाकघर होतं. खरा ओटा, खरी शेगडी, खरे कप. फक्त भिंतीला जागोजागी धरायच्या दांड्या. तिथे तिच्या वाट्याला आल्या त्या मावशी, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात लुळा पडला होता, जीभ मात्र शाबूत. "अख्ख्या शहराचे फोन जोडले गं मी," त्या म्हणायच्या, "आता माझाच हात मला लागत नाही. सारखा एंगेज!"

मावशी एकट्या राहायच्या. मुलानं अट घातली होती: शेगडीपाशी स्वतःचं स्वतः जमलं तर आपल्या घरी, नाहीतर कायमचं त्याच्याकडे. "लेक सोन्यासारखा आहे," मावशी म्हणायच्या, "पण म्हणून मला डब्यात घालून कपाटात ठेवू नये त्यानं."

शिकवणाऱ्या मॅडमचं पहिल्या दिवसापासून एकच टुमणं होतं. "मदत करायचा मोह आवरा. तुमचा हात मध्ये गेला की त्यांचा हात शिकायचा थांबतो." परीक्षेत तिनं हेच दोन पानं लिहिलं होतं आणि मार्कही चांगले पडले होते.

सराव छान चालला होता. मावशी दांड्याचं पातेलं शेगडीवरून ओट्यावर ओढून घ्यायच्या, कपापर्यंत सरकवायच्या, उजव्या हातात दांडा आणि डाव्या हातातल्या फडक्यानं कड धरून चहा ओतायच्या. थेंब सांडत नसे. तिनं मॅडमना छाती फुगवून सांगितलं, "आता कुणाची गरज नाही त्यांना."

म्हणून मॅडमनी मुलाला बोलावलं. तो दाराशी खुर्ची टाकून बसला. मॅडम ओट्याच्या टोकाशी उभ्या राहिल्या आणि तिला म्हणाल्या, "तू इकडे ये, माझ्या मागे."

चहा उकळला. मावशींनी गॅस बंद केला, चहा जरा निवू दिला, पातेलं बेतानं ओढलं, सरकवलं, कड धरली. आणि थांबल्या. मान वळवून त्यांनी डावीकडे पाहिलं. रोज ती उभी असायची, तिथे आज कुणीच नव्हतं. मग त्यांनी पातेलं कलतं केलं. दांडा मुठीत फिरला आणि सगळा चहा ओट्यावरून खाली, त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर.

"भाजलं का?" मुलगा धावला.

"काही नाही रे. कपच पळाला मेला."

कुणी हसलं नाही. मॅडमनी हळूच विचारलं, "मावशी, ओतायच्या आधी कशाची वाट बघत होतात?"

मॅडमच्या पाठीमागे तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. आपली दोन बोटं. रोज पातेल्याच्या बुडाशी, फडक्याच्या घडीआडून. घरी लेकीनं पेला उचलला की हिचा तळहात आपसूक खाली जायचा, तसाच. लेक शाळेत जायला लागली तरी अजून जायचा. बोटं तिथे आहेत हे तिला कधी जाणवलंच नव्हतं का? की जाणवलं होतं, आणि न सांडलेला चहा बघून बरं वाटलं होतं? तिची तिलाच खात्री देता येईना.

मावशींनी मॅडमच्या खांद्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांना आत्ता उमगलं होतं. "कशाची वाट?" त्या म्हणाल्या. "जराशी चक्कर आली, बास."

मुलगा उठून उभा राहिला. "चक्कर येते? हे कोणी बोललंच नाही मला! मग प्रश्नच मिटला, आई. उद्याच सामान हलवतो."

तिला सांभाळून घेण्यासाठी मावशींनी स्वतःचं घर पणाला लावलं होतं. गप्प राहावं, मॅडम काय ते बघतील, असंही मनात येऊन गेलं, आणि आलं याचीच जास्त लाज वाटली.

"चक्कर नाही आली त्यांना," ती म्हणाली. "मीच धरत होते पातेलं. खालून. रोज. पुरतं वजन त्यांच्या हातावर आलेलंच नाही कधी. त्यांना जमत नाही असं नाही, त्यांना... मी शिकवलंच नाही."

मुलानं कपाळाला हात लावला. मॅडम तिच्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. "आणखी पंधरा दिवस द्या," त्या मुलाला म्हणाल्या. "दुसरी विद्यार्थिनी देते. मग ठरवू."

"पंधराच," तो म्हणाला.

मुलानं ओट्यापाशी ओढून आणलेल्या खुर्चीत मावशी बसल्या. मघाची मिश्किली पार उतरली होती. "मला वाटायचं, हात आला माझा," त्या तिला म्हणाल्या. "रात्री अंथरुणात उघडझाप करून बघायचे. आणि तू बाई, माझं कौतुक करत होतीस."

ती खाली बसून फरशी पुसू लागली. निदान एवढं तरी.

"ए. फडकं इकडे दे. सांडलंय मी."

तिनं उठून दिलं. मुलगा पुढे झाला, तशी मावशींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो मागे सरला. त्यांनी फडकं उजव्या हातात कोंबलं, डाव्यानं खुर्चीची कड धरली आणि वाकल्या. फडकं हातून गळलं. पुन्हा उचललं. चहाचा ओघळ ओट्याखाली पसरत होता, त्यांच्या हातापेक्षा किती तरी वेगानं. तिघंही उभी राहून बघत होती.