एका सुताने वाकलेला चिमटा

मित्रांनो, सायकलचे पुढचे चाक ज्या दोन लोखंडी पायांमध्ये फिरते, त्या अवयवाला आमच्या धंद्यात चिमटा म्हणतात. मी तसाच एक जुना चिमटा आहे. माझी सायकल केव्हाच भंगारात गेली. सायकली दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी मला तेवढे वाचवले आणि शीर्षासनात, म्हणजे पाय वर करून, दुकानाच्या बाकड्याला बोल्टांनी आवळून टाकले. त्या दिवसापासून मी कोठेही गेलो नाही. मात्र गावातले प्रत्येक चाक माझ्याकडे येऊन जाऊ लागले.

माझे काम सोपे होते. वाकडे झालेले चाक माझ्या पायांत बसवायचे, बोटाने फिरवायचे, जेथे ते डगमगेल तेथे तारा आवळायच्या किंवा सैल करायच्या. याला आऊट काढणे म्हणतात. आमचे दुकान शर्यतवाल्यांचे नव्हते. आमच्याकडे येत ती भाजीची टोपली वाहणारी सायकल, शिक्षकांची सायकल, घरोघर बाळंतिणींना तपासायला जाणाऱ्या नर्सबाईंची सायकल. या माणसांना वाहनाची हौस नव्हती. त्यांना वेळेवर पोहोचायचे होते.

मिस्त्रींचा एक नेम होता. आऊट काढून झाला की ते चाक बाहेर काढून उलट बाजूने पुन्हा माझ्यात बसवत. दोन्ही वेळा ते बरोबर मध्यावर दिसले, तरच काम पुरे. या एका कृतीत चाकाची परीक्षा होई आणि माझीही. मग एके दिवशी शिक्षक म्हणाले, "मिस्त्री, तुमचा हात म्हणजे मोजपट्टी! तुम्हाला कसलं उलटून बघायला लागतंय?" मिस्त्री हसले आणि त्या दिवशी त्यांनी चाक उलटले नाही. मग कधीच उलटले नाही. निंदेने बिघडलेली माणसे मी थोडी पाहिली; कौतुकाने बिघडलेली पुष्कळ.

त्यानंतर गावात सायकल सप्ताह साजरा झाला. चार मोटारींतून पाहुणे आले. आमच्या दारावर 'रोज सायकल चालवा' असा फलक लावायचा होता आणि शिडी कोणी आणली नव्हती. फलक बांधणारा गृहस्थ बाकड्यावर चढला, तोल जाताच माझ्या डाव्या पायावर त्याने सारा भार दिला, आणि मी एक सूत बाहेर वाकलो. एक सूत म्हणजे तुमच्या फळ्यावरच्या खडूच्या निम्म्याहूनही कमी जाडी. भाषणे झाली, टाळ्या झाल्या, मोटारी गेल्या. मला वाचा नव्हती. ज्यांना होती ते आभार मानण्यात गुंतले होते.

त्या दिवसापासून मी खोटे बोलू लागलो. चाक गरगर सरळ फिरे, पण मध्यावर नसे. माझ्या वाकड्या पायांचा मध्य ते खरा मानी. सायकलला लावले की ब्रेकचे रबर एका बाजूला घासे. लोक परत येत.

"रस्ते बघा कसले आहेत," मिस्त्री म्हणत आणि चाकाऐवजी ब्रेकच सरकवून देत.

पंक्चर काढणारी त्यांची मुलगी एकदा म्हणाली, "अण्णा, सगळे खड्डे काय एकाच बाजूला आहेत का?"

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून तारा आवळतोय मी. तू तुझी ट्यूब बघ."

नर्सबाईंच्या सायकलचे सरकवलेले रबर टायरलाच घासत राहिले. महिन्याभराने पुलाच्या उतारावर टायर फुटला. बाई पडल्या, उजवे मनगट मोडले. गावाने तत्काळ न्याय दिला: या वयात सायकल कशाला हवी? दवाखान्याच्या साहेबांनी त्यांची घरभेटींची फेरी काढून घेतली आणि त्यांना कपाटाजवळ नोंदवह्या सांभाळायला बसवले. मिस्त्री मान हलवून म्हणाले, "उतार वाईटच आहे तो."

मुलगी मात्र मोडकी सायकल दुकानात घेऊन आली. तिने पुढचे चाक माझ्यात बसवले. ते मध्यावर होते. मग तिने ते काढले, उलटे बसवले आणि बाजूला झाली. चाक माझ्या उजव्या पायाला जवळजवळ चिकटले होते.

"अण्णा, इकडे या. ओरडू नका, नुसतं बघा."

मिस्त्रींनी पाहिले. मग खाली वाकून माझ्या डाव्या पायावरून अंगठा फिरवला.

"कोणाला कळायचं नाही," ते पुटपुटले. "दुसरा चिमटा लावू."

"आणि नर्सबाई? त्या आयुष्यभर म्हाताऱ्या म्हणून बसतील कपाटापाशी. तुमच्या नावासाठी."

मिस्त्रींनी पाना उचलला, माझे बोल्ट काढले आणि मला काखेत मारून थेट दवाखाना गाठला. साहेबांच्या मेजावर त्यांनी मला ठेवले.

"बाई वयानं पडल्या नाहीत, साहेब. चाक मी बिघडवलं."

"म्हणजे दोष या लोखंडाचा," साहेब समजुतीने म्हणाले.

"नाही. लोखंड वाकतंच. ते वाकलंय का हे बघायचं काम माझं होतं, आणि मी ते सोडलं होतं. हवं तर लिहून देतो."

त्यांनी लिहून दिले. कोपऱ्यातून नर्सबाई प्लास्टरमधला हात सावरत म्हणाल्या, "अक्षर तरी सरळ काढा, मिस्त्री." मिस्त्रींना हसू आले नाही, त्यांनी डोळे पुसले.

मनगट जुळल्यावर बाईंना फेरी परत मिळाली. मिस्त्रींनी त्या काळातले एकूणएक चाक घरी जाऊन पुन्हा तपासले. काही गिऱ्हाइके कायमची गेली. प्रामाणिकपणाचे बक्षीस लगेच मिळते, ही गोष्ट, मित्रांनो, फक्त पाठ्यपुस्तकात घडते.

मी अजून दवाखान्याच्या कपाटात आहे, मिस्त्रींनी लिहून दिलेल्या कागदासोबत पुरावा म्हणून ठेवलेला. वस्तू जपा, पुसा, तेल घाला, असे तुम्हाला माझ्यासारख्यांनी अनेकदा विनवले असेल. माझी विनंती निराळी आहे. जी वस्तू किंवा जो माणूस नेहमी खरेच सांगतो अशी तुमची खात्री आहे, त्याच्याकडे अधूनमधून संशयाने पाहा. त्यात त्याचा अपमान नाही, त्याची काळजी आहे. माझ्यावर कोणी वेळेवर असा संशय घेतला असता, तर आज थंडीच्या सकाळी उजवे मनगट ठणकते म्हणून त्या बाईंना डाव्या हाताने सायकलची घंटी वाजवावी लागली नसती.