दहाचं पातं

गाडी त्या दोघा भावांच्या वडिलांपेक्षाही वयाने मोठी होती. दोन सिलिंडरचं उघडंवाघडं इंजिन, आणि त्यातला हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडायला काहीच यंत्रणा नाही. पिस्टन खाली गेला की त्याच्या ओढीने तो उघडायचा आणि मऊशा स्प्रिंगने पुन्हा मिटायचा. मोटारी नव्या होत्या तेव्हा पुष्कळांचं असंच चाले. पुढे वेग वाढला, नुसत्या ओढीवर भागेना, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह कॅमने, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्याने, ढकलायची पद्धत आली. या गाडीत फक्त धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह कॅमच्या ताब्यात होता. थोरला म्हणायचा, "ही श्वास घेते आपल्या मनाने, सोडते मात्र हुकमाने."

थोरला गॅरेजचा मिस्त्री. धाकटा पुढच्या काचेच्या खोलीत पांढरा शर्ट घालून गिऱ्हाइकं सांभाळायचा. गॅरेजच्या मागे पत्र्याची शेड होती. तिथे थोरल्याची लेथ, त्याचं बाक आणि चाळीस वर्षांची हत्यारं. धाकट्याला तिथे गाड्या धुण्याचं यंत्र बसवायचं होतं. पाइपवाला येऊन मापंही घेऊन गेला होता. तेवढ्यात गिरणीमालकाने ही गाडी आणून उभी केली. जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार होती आणि त्यात ती चालायला हवी होती. अशा आणखी सात गाड्या त्याच्या आवारात धूळ खात होत्या. ही नीट चालली तर सातही तुमच्याकडे, असं तो म्हणाला. धाकट्याने भावाला सांगून टाकलं, की सात गाड्या आल्या तर शेड तुझी, नाही आल्या तर पाइपवाल्याची.

थोरल्याने महिनाभर जिवाचं रान केलं. दोन्ही स्प्रिंगांचा जोर सारखा हवा, म्हणून त्याने घरातला साखर मोजायचा काटा शेडमध्ये नेला आणि व्हॉल्व्ह त्यावर दाबून किती वजनाला कोणता उघडतो ते पाहिलं. बायको म्हणाली की तिच्या साखरेला रॉकेलचा वास येतोय, आता पाहुणे चहा पिऊन भुर्रकन सुरू होतील. तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, असं तिने जावेलाही सांगितलं.

शेवटी उरली फट. कॅमची दांडी आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये थोडी जागा सोडावी लागते, कारण लोखंड तापलं की वाढतं. जागा ठेवली नाही तर तापलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि अर्धवट मिटलेल्या तोंडातून सुटणारा जाळ त्याचीच कड खातो. जागा ठेवली तर इंजिन टकटकतं. थोरल्याने फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्यातलं दहाचं पातं काढलं (आकडा मोठा तितकं पातं जाड), ते अलगद अडकत सरकेल इतकी फट ठेवली आणि इंजिनाच्या झाकणाच्या आत रंगाने तारीख, दहाचा आकडा आणि आपलं नाव लिहिलं. त्या गाडीचा रिवाजच तसा होता. जो मिस्त्री फट लावेल त्याने आत लिहायचं. त्याच्या ओळीच्या वर, याच गॅरेजचे मिस्त्री असलेल्या वडिलांच्या सहा ओळी होत्या आणि त्यांच्या वर कुणा अनोळखी मिस्त्रीच्या, अर्धवट उडालेल्या. सगळीकडे दहा.

गिरणीमालक गाडी पाहायला आला. चकाकी त्याला आवडली, आवाज आवडला नाही. एका ओळखीच्याची गाडी म्हणे मांजरासारखी चालते आणि ही शिवणयंत्रासारखी. थोरल्याने त्याला लोखंडाचं तापणं समजावायला सुरुवात केली, पण धाकट्याने मध्येच हसत सांगितलं, होऊन जाईल साहेब.

साहेब गेल्यावर धाकटा शेडमध्ये आला. एरवी तो उंबऱ्यावरूनच बोलायचा, शर्टाला डाग पडू नये म्हणून. आज बाकावर बसला.

"दादा, दोन तास तर चालायचीय ती. चारचं पातं लाव. मिरवणूक झाली की परत दहा कर."

"जळेल रे."

"दोन तासांत? आणि माझ्यासाठी मागतोय का मी? शेड कुणाची आहे?"

 खरं तर थोरल्याने नाही म्हणायला हवं होतं. आयुष्यभर त्याने याच एका बाबतीत कुणाचं ऐकलं नव्हतं. पण त्याची नजर लेथवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नट सैल केला आणि चारचं पातं लावलं. इंजिन शहाण्या मुलासारखं गप्प झालं. मग सवयीने ब्रश उचलून तो झाकणाशी गेला आणि तिथे अडखळला. दहा लिहावं तर खोटं. चार लिहून पुढे कुणाच्या सांगण्यावरून ते लिहावं, तर तसं कुणीच कधी लिहिलं नव्हतं. ज्याचा हात त्याचं नाव. त्याने चार लिहिलं आणि खाली आपलं नाव टाकलं.

मिरवणुकीच्या दिवशी पाहुणे उशिरा आले. गाडी तासभर उन्हात जागच्या जागी चालू राहिली. गिरणीमालक ऐटीत बसला होता, आवाज नाही म्हणून खूश. मग रस्ता चढाला लागला. अर्ध्या चढावर इंजिन फुसफुसलं, मागे दोनदा बार काढले आणि बसलं. चार माणसांनी गाडी ढकलत बाजूला घेतली. लोक हसले. साहेबाच्या टोपीवर काजळी बसली होती.

संध्याकाळी गॅरेजमध्ये झाकण उघडलं गेलं. गिरणीमालकाला व्हॉल्व्हमधलं काही कळत नव्हतं, पण आकडे वाचता येत होते. दहा, दहा, दहा, आणि शेवटी चार. त्याने बोट ठेवलं. "हे कुणाचं?"

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांपूर्वी धाकटा घाईत एका डॉक्टरच्या गाडीत तेल भरायचंच विसरला होता आणि इंजिन जाम झालं होतं. तेव्हा वडिलांसमोर थोरलाच पुढे होऊन म्हणाला होता, माझा हात चुकला. त्या दिवसापासून धाकटा घरात काळजीपूर्वक काम करणारा ठरला, पुढच्या खोलीत बसला. आणि थोरला मागे. त्याची खंत थोरल्याने कधी बोलून दाखवली नाही. आज फक्त एक वाक्य हवं होतं.

धाकट्याने खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. "वय झालंय साहेब दादाचं," तो म्हणाला. "माझंच चुकलं, मी लक्ष घालायला हवं होतं."

गिरणीमालकाने मान हलवली. निदान धाकटा भाऊ तरी सरळ माणूस आहे, असंच त्याला वाटलं असावं. सात गाड्या त्याने दुसरीकडे दिल्या.

तो गेल्यावर धाकटा हळूच म्हणाला, "चार कशाला लिहिलंस? दहा लिहायचं होतंस. कोण मोजणार होतं?"

 पुढचे तीन दिवस थोरल्याचे जळका व्हॉल्व्ह काढून नवा घडवण्यात गेले. दांडी दोन्ही तळव्यांत धरून रवी घुसळावी तसा त्याने तो बैठकीवर घासला, कडेवर करडी रेघ सलग उमटेपर्यंत. दहाचं पातं लावलं. इंजिन टकटकायला लागलं. त्याने चारच्या खाली दहा लिहिलं.

ड्रायव्हर गाडी न्यायला आला तो निरोप घेऊनच. झाकणाच्या आतली सगळी गिचमिड काढून साफ रंग मारायचा, साहेबांना आता गाडी दिवाणखान्यात ठेवायची आहे, ती चालवणार नाहीत.

"आतलं कोण बघतंय?" थोरल्याने विचारलं.

"पाहुणे झाकण उघडतात. मागे एकदा ते वाचून हसले होते."

धाकट्याने रंगाचा डबा आधीच आणून ठेवला होता. थोरल्याने ब्रश बुडवला. अनोळखी मिस्त्रीच्या ओळी गेल्या. वडिलांच्या सहा ओळींवर त्याचा हात हळू चालला, पण चालला. मग त्याचे दोन्ही दहा गेले. बाहेर पाइपवाला माणसं घेऊन आला होता आणि लेथ कुठून काढायची ते त्यांच्यात ठरत होतं.

थोरल्याने ब्रश धाकट्यापुढे धरला. "चार राहिलाय. तो तुझा."

धाकट्याने आजूबाजूला पाहिलं. ड्रायव्हर लांब उभा होता. त्याने पांढरी बाही नीट दोन घड्या करून वर घेतली, ब्रश कडेला निथळवला आणि एकाच सरळ पट्ट्यात, एकही ओघळ न येऊ देता, चार पुसून टाकला. थोरल्याला कबूल करावं लागलं, की धाकट्याचा हात अजून चांगला होता.